सात छेद चोवीस

सातबारा म्हटला की परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडची जमीन आठवते. सात छेद चोवीस हा अपूर्णांक मात्र वकिलांखेरीज फारसा कुणाला ठाऊक नसतो. हा हिस्सा सांगलीतल्या एका विधवेचा. तो पक्का व्हायला पंधरा वर्षे लागली, आणि कायद्याच्या पुस्तकांत तो ‘गुरुपद विरुद्ध हिराबाई’ या नावाने राहिला.

हकीकत साधी आहे. जून १९६० मध्ये घरातला कर्ता पुरुष वारला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. १९६२ मध्ये पत्नीने सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. मालमत्तेत दोन घरे, जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम वस्तू होत्या. विरोधात उभा राहिला तो तिचाच एक मुलगा. त्याचे म्हणणे होते की मालमत्ता एकत्र कुटुंबाची नाही, आणि वाटणी तर आधीच झालेली आहे.

तिने ७/२४ हिस्सा मागितला. हा आकडा आला कुठून? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातले कलम ६ सांगत होते की, एकत्र कुटुंबातला पुरुष वारला आणि मागे पत्नी किंवा मुलगी असेल, तर त्याचा हिस्सा वारसांमध्ये वाटायचा. पण एकत्र मालमत्तेत त्याचा हिस्सा किती, हे ठरवायचे कसे? त्यासाठी कायद्याने एक कल्पना करायला सांगितली: मृत्यूच्या अगदी आधी त्या घरात वाटणी झाली होती असे समजा.

अशी वाटणी झाली असती तर बाप, दोन मुलगे आणि पत्नी यांना प्रत्येकी पाव हिस्सा मिळाला असता. मिताक्षरेच्या मुंबईकडच्या परंपरेत पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही, पण बाप आणि मुलगे वेगळे झालेच तर तिला मुलाइतका हिस्सा द्यावा लागतो. मद्रासकडे ही रीत केव्हाच मागे पडली होती. हाच दावा तिकडे लागला असता, तर तिचे गणित पहिल्याच पायरीवर अडले असते. पुढे बापाचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला १/२४ मिळतो. १/४ आणि १/२४ यांची बेरीज ७/२४.

सांगलीच्या न्यायाधीशांनी मुलाचे दोन्ही मुद्दे फेटाळले. मालमत्ता एकत्र कुटुंबाचीच आणि आधी वाटणी झालेली नाही, असे त्यांनी ठरवले. मात्र आईला दिला फक्त १/२४. त्यांच्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचाच एक निकाल होता. त्या निकालानुसार काल्पनिक वाटणी फक्त मृताचा हिस्सा मोजण्यापुरती होती. त्या वाटणीत पत्नीच्या नावे दिसणारा पाव हिस्सा कागदावरच राहणार होता.

मुलाने उच्च न्यायालयात अपील केले. आईने त्याच अपिलात हिश्श्याच्या आकड्याबद्दल आपले आक्षेप दाखल केले. दरम्यान उच्च न्यायालयाच्या दुसऱ्या एका निकालाने या कलमाचा विधवेच्या बाजूचा अर्थ लावला होता. मार्च १९७५ मध्ये मुलाचे अपील फेटाळले गेले, आईचे आक्षेप मान्य झाले आणि हिस्सा ७/२४ ठरला. अपील केले नसते तर मुलाच्या वाट्याला अधिक आले असते.

तो सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथला निकाल २७ एप्रिल १९७८ चा आहे आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड जन्माने पुणेकर होते. त्यांचा युक्तिवाद असा: कायदा वाटणी झाली असे समजायला सांगत असेल, तर त्या वाटणीतून जे जे निघते तेही मानले पाहिजे. मृताचा हिस्सा मोजण्यासाठी वाटणी गृहीत धरायची आणि विधवेची पाळी आली की ती विसरून जायची, हे चालणार नाही. ७/२४ कायम झाला.

तिन्ही पायऱ्यांवर कुटुंबाची हकीकत तीच राहिली. बदलत गेले ते एवढेच, की कायद्याने करायला सांगितलेली कल्पना किती दूरवर न्यायची.

पण हिशेब पुरा मांडून पाहू. आईला ७/२४, दोन्ही मुलांना प्रत्येकी ७/२४ आणि तीन मुलींना प्रत्येकी १/२४. मुली जन्माने त्या घराच्या, तरी काल्पनिक वाटणीत त्यांना जागा नव्हती.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून मुलींना सहदायाद केले, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट काढली. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुन्हा घोळ झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय ‘हवेत’ म्हणाले. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना हिस्सा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा’ प्रकरणात तीन न्यायाधीशांनी ठरवले की ती अट नाही, कारण हक्क जन्माने येतो. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी मानलेली काल्पनिक वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे, असेही त्यांनी सांगितले. १९७८ मध्ये हीच कल्पना शेवटपर्यंत ताणल्यामुळे विधवेला न्याय मिळाला. २०२० मध्ये ती आवरती घेतल्यामुळे मुलींना.

सांगलीच्या त्याच कुटुंबाला आजचा कायदा लावून पाहा. काल्पनिक वाटणीत सात हिस्से पडतात, बापाचा सातवा भाग सहा जणांत जातो, आणि आई व पाचही मुलांना बरोबर एकेक षष्ठांश मिळतो.

गावाकडून हक्कसोडपत्राचा मसुदा व्हॉट्सॲपवर येतो, तेव्हा लंडन-दुबईतली बहीण माहेर तुटू नये म्हणून पुष्कळदा न वाचता सही करते. नोंदणी झालेले हक्कसोडपत्र मागे घेणे सोपे नसते. हिस्सा घ्यायचा की भावाला द्यायचा हे तिचे तिने ठरवावे. पण मालमत्ता वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः कमावलेली, आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी तिची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली होती का, हे दोन प्रश्न आधी विचारावेत आणि आपला अपूर्णांक कागदावर मांडावा. आपण नेमके किती सोडतो आहोत, हे सही करण्याआधी तिला माहीत असले पाहिजे.