सर्व्हर नावाचा चाकर

रेशनच्या दुकानापुढे, सेतू केंद्रात, बँकेच्या खिडकीशी मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात एक वाक्य हमखास कानावर पडतं. सर्व्हर डाउन आहे. जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावातही त्याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नसणार. अंगठा उमटला नाही, सातबारा निघाला नाही, पिकाची नोंद चढली नाही, की सर्व्हरचं नाव घ्यायचं आणि उद्या या म्हणायचं. शब्द कसा चालतो बघा. सर्व्हर घेत नाही. सर्व्हर आला की बघू. थेट साहेबांची चाल. साहेब जागेवर नाहीत, साहेब आले की बघू.

मूळ बघावं तर हा शब्द साहेबाचा नव्हे, गुलामाचा. लॅटिनमध्ये ‘सर्वुस’ म्हणजे गुलाम, त्यावरून ‘सर्विरे’ म्हणजे ताबेदारी करणं, आणि जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेलं ‘सर्व्ह’. आपल्या ‘सेवे’शी आवाज जुळतो म्हणून दोघांना भावंडं ठरवायचा मोह होतो, पण त्याला आधार नाही. ‘नोकर’ची गोष्ट नेमकी उलटी. मंगोल भाषेत ‘नोकुर’ म्हणजे सोबती, सरदाराच्या शेजारी घोडा घालणारा साथीदार. फारसीतून तो आपल्याकडे आला तोवर पार घसरला होता. गंमत अशी की ‘नोकर’ घसरला तरी ‘नोकरी’ वर गेली. मुलगा नोकरीला आहे हे वाक्य सोयरीक जुळवताना आजही ठसक्यात म्हणतात, मुलगा नोकर आहे असं कुणी म्हणणार नाही.

सर्व्हरच्या समोर असतो क्लायंट. हाही लॅटिन, ‘क्लिएन्स’, बड्या माणसाच्या आश्रयाला राहणारा. म्हणजे तांत्रिक भाषेत एका बाजूला गुलाम आणि दुसऱ्या बाजूला आश्रित, मालक कुठेच नाही! मला यापेक्षा आपलं ‘गिऱ्हाईक’ जास्त नेमकं वाटतं. ते ‘ग्राहक’चं रूप, ‘ग्रह्’ म्हणजे घेणं. मोबाइलवरचा ब्राउझर करतो ते इतकंच, मागतो आणि घेतो. आणि देणारा कोण, तर ज्याचं नाव कुंभार पिंपळगावानं पुढे लावलंय तो. कुंभार, म्हणजे ‘कुंभकार’, बारा बलुतेदारांपैकी एक. दारात आलेल्याला मडकं द्यायचं, दर वेळी पैसे मोजून घ्यायचे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं. सर्व्हरला मराठी नाव शोधणाऱ्यांनी ‘सेवक’पाशी थांबण्याआधी बलुतेदाराकडे एकदा बघायला हवं होतं.

हा बलुतेदार घरात बसवायला आता फार काही लागत नाही. रास्पबेरी पाय नावाचं एका फळीवरचं कॉम्प्युटर २९ फेब्रुवारी २०१२ ला केंब्रिजमधून बाजारात आलं, एटीएम कार्डाएवढं. नावात रास्पबेरी, कारण कॉम्प्युटर कंपन्यांना फळाफुलांची नावं द्यायची जुनी हौस, अॅपल आणि एप्रिकॉट ही ठळक उदाहरणं. ‘पाय’ आला पायथन या भाषेवरून. मराठी कानाला तो चालायचाच पाय वाटतो, त्याला इलाज नाही. रास्पबेरी रोजच्या ओळखीची नाही म्हणून नाव परकं वाटत असेल, तर जालना जिल्ह्यानं जिच्या बागा लावल्या ती मोसंबी आठवावी. तिचं नाव मोझांबिकवरून आलंय असं मानतात.

मायक्रोएसडी कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, कार्ड फळीच्या खाचेत सरकवायचं, वायर जोडायची. लाल दिवा लागतो, कार्ड वाचलं जाताना हिरवा लुकलुकतो. मग ‘सुडो आप्ट इन्स्टॉल अपाची-टू’ एवढी एक ओळ टाइप केली की सर्व्हर बसतो, आणि त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये पायचा आकडी पत्ता टाकला की पहिलं पान उघडतं. ते पान ‘व्हार’मधल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि त्याच्या पोटातल्या ‘एचटीएमएल’ या फोल्डरात असतं. ते काढून आपलं मराठी लिहावं, तर एक ठेच ठरलेली. पानाच्या माथ्यावर अक्षरसंच यूटीएफ-८ आहे असं सांगितलं नाही तर एका ‘क’च्या जागी तीन विचित्र चिन्हं उमटू शकतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं.

अपाची या नावाची व्युत्पत्ती तर शब्दचर्चेला मेजवानीच. १९९५ मध्ये काही जणांनी एका जुन्या सर्व्हरवर दुरुस्त्यांची ठिगळं, म्हणजे पॅच, लावत हा सर्व्हर उभा केला. म्हणून ‘अ पॅची सर्व्हर’, ठिगळांची वाकळ. ही कथा प्रकल्पाच्या स्वतःच्या माहितीपत्रकातही बरीच वर्षं होती. पुढे संस्थेनं सांगितलं, की नाव अमेरिकेतल्या अपाची लोकांच्या आदरापोटी ठेवलं. लोकव्युत्पत्ती जन्माला येताना सहसा कुणी बघत नाही. इथे तिची जन्मतारीखसुद्धा हाताशी आहे.

पण सर्व्हर बसवण्यातलं खरं कोडं पत्त्याचं. पिंपळगावं महाराष्ट्रात ढिगानं. नाशिककडे पिंपळगाव बसवंत, जळगावात पिंपळगाव हरेश्वर, खुद्द जालना जिल्ह्यात भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाई. नुसतं पिंपळगाव लिहिलेलं पाकीट भलतीकडेच जाईल, म्हणून कुणी देव जोडला, इथे कुंभार जोडला. मु. पो. कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना. वेबचा पत्ता हाच, लहानाकडून मोठ्याकडे जाणारा, मधे टिंबं. पोस्टमन तो उलटा वाचतो, आधी जिल्हा, मग तालुका. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली नावांची यंत्रणाही उजवीकडूनच वाचते. २०१४ पासून त्या उजव्या टोकाला देवनागरीत ‘.भारत’ही लिहिता येतं.

या पत्त्यातले शब्दही चाखण्यासारखे. ‘जिल्हा’ अरबी ‘दिल्अ’पासून, म्हणजे बरगडी, कूस, बाजू. ‘तालुका’ अरबी ‘तअल्लुक’पासून, अर्थ संबंध, जोड. तेव्हा घनसावंगी तालुका म्हणजे अक्षरशः घनसावंगीचं कनेक्शन. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागचं न हलता पत्त्यातला शेवटचा शब्द पालटला. नेटवर्कमध्ये असं रोज घडतं. घरच्या कनेक्शनला मिळणारा आकडी पत्ता बहुधा कायमचा नसतो, ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर मिळतो. त्याला खरं तर ‘मुक्काम’च म्हणावं. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ उभं राहण्याची जागा, मराठीत तो वाटेतला थांबा झाला. आज या आकड्यावर मुक्काम, उद्या दुसऱ्या. बाहेरच्या माणसाला आपलं पान दिसायचं तर आधी हा मुक्काम हलणार नाही, किंवा हलला की कळेल, अशी तजवीज लागते. मोबाइल सिमवर नेट असेल तर कंपनी एका पत्त्यामागे अनेक घरं बसवते, मग बाहेरून दार ठोठावणाऱ्याला आपलं घर सापडतच नाही.

आपलं पान ज्यावर दिसायचं त्या ‘वेब’ला आपण ‘जाळं’ म्हणून मोकळे होतो. तो मुळात आहे विणलेला कपडा. त्यामागच्या ‘विणणे’ या अर्थाच्या धातूचा अवशेष संस्कृतात कोळ्याच्या नावात उरलाय, ‘ऊर्णवाभि’, लोकर विणणारा. पुढे ‘वाभि’ कुणाला कळेना, तेव्हा ओळखीच्या ‘नाभी’शी सांधून ‘ऊर्णनाभि’ झाला.

राहता राहिला ‘डी’. पायमध्ये लांबून शिरायला जो एसएसएचडी नावाचा प्रोग्रॅम लागतो, त्याच्या शेपटीचा ‘डी’ म्हणजे डीमन. पडद्याआड जागा राहून, कुणी हाक मारली की काम करणारा प्रोग्रॅम. १९६३ च्या सुमाराला एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव घेतलं ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या राक्षसावरून. ग्रीकांचा ‘दायमोन’ मात्र राक्षस नव्हता, ज्याच्या त्याच्या वाट्याचं वाटून देणारी ती शक्ती. त्यामागचा ‘वाटणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आणि संस्कृत ‘दय्’ एकाच कुळातले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्याच ‘दय्’पासून ‘दया’. पाणिनीय धातुपाठ या ‘दय्’चे पाच अर्थ देतो: दान, गती, रक्षण, हिंसा आणि आदान.