टेराहर्ट्झ लेसर आणि इलेक्ट्रॉन-वहनाची दोन चित्रे

अर्धसंवाहक लेसरच्या इतिहासात गणिताने प्रयोगास वाट दाखविली, तसेच प्रयोगाने गणितास वारंवार दुरुस्त केले. टेराहर्ट्झ लेसरमधील इलेक्ट्रॉन-वहनाचा प्रश्न या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या लेसरची रचना खानदेशातील वाचकास पांझरेवरील फड पद्धतीवरून सहज ध्यानात येईल. नदीवर एकाखाली एक बंधारे असतात; वरच्या बंधाऱ्यावरून उरलेले पाणी खालच्यास मिळते. त्याचप्रमाणे गॅलियम आर्सेनाइड व ॲल्युमिनियम-गॅलियम आर्सेनाइड यांच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरांतून इलेक्ट्रॉन पायरीपायरीने उतरतो आणि प्रत्येक टप्प्यावर प्रकाशकण देऊ शकतो.

ही कल्पना काझारिनोव्ह आणि सुरिस यांनी १९७१ मध्ये मांडली. तीत पातळ्यांवरील इलेक्ट्रॉनांच्या संख्येबरोबरच त्यांच्या तरंगांतील कला-संबंधाचाही विचार होता. १९९४ मध्ये बेल प्रयोगशाळेत फाइस्ट, कापासो व सहकाऱ्यांनी असा पहिला लेसर सिद्ध केला. त्याचा प्रकाश मध्य-अवरक्त होता. अशा लेसरांविषयी इओत्ती आणि रॉसी यांनी २००१ मध्ये दाखविले की, कला-संबंध बहुतांशी गौण असून पातळीपातळीवरील उड्यांचा हिशेब पुरेसा आहे. पाटकऱ्याने पाण्याच्या पाळ्या मोजाव्या, तसेच हे चित्र होय.

२००२ मध्ये पिसा येथील गटाने केंब्रिजच्या साहाय्याने ४.४ टेराहर्ट्झचा लेसर चालविला. तो ५० केल्व्हिनपर्यंतच चालू शकला. त्याच्या प्रकाशकणाची ऊर्जा अवघी १८ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. खोलीच्या तापमानातील उष्णता-ऊर्जा सुमारे २६ आहे. पायऱ्या इतक्या लहान झाल्या की जुना हिशेब अपुरा पडू लागला. त्या हिशेबात शेजारच्या दोन विहिरींतील पातळ्या समान ऊर्जेवर आल्या, की इलेक्ट्रॉन दोन्ही विहिरींत सारखाच पसरलेला मानला जातो. मग मधला अडथळा जाड असो वा पातळ, प्रवाह तितकाच निघतो! वस्तुतः अडथळा जाड झाल्यास पलीकडे जाण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात विकिरणाने कला-संबंध तुटतो. मॅसॅच्युसेट्स येथील कॅलेबाउट आणि हू यांनी २००५ मध्ये हा दोष स्पष्ट केला व १९७१ च्या विचारसरणीकडे परत वळून तो दूर केला. ली आणि वाकर यांनी २००२ मध्येच ग्रीन-फलनांच्या अधिक व्यापक, पण गणनेस अवजड अशा मार्गाने हाच प्रश्न हाताळला होता.

यावरून पहिले चित्र त्याज्य ठरत नाही. इलेक्ट्रॉनांच्या परस्पर-आघातांचा तपशील त्यात आजही सुलभपणे मांडता येतो. मात्र त्याची मर्यादा ओळखावी लागते. 'उडी' या शब्दातच इलेक्ट्रॉन आधी येथे, नंतर तेथे, हे गृहीत दडलेले आहे. ते कोठवर टिकते याचा निर्णय अडथळ्याची जाडी करते.

या विवेकाचे फळ प्रत्यक्ष आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हा लेसर २५० केल्व्हिनपर्यंत, द्रवरूप शीतकाविना, चालविण्यात आला. जळगाव किंवा धुळे येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास थरांची वाढ करणारी यंत्रणा हाताशी नसली, तरी या दोन चित्रांची तुलना साध्या संगणकावर करून पाहता येण्याजोगी आहे.