नोंदवही आणि वंशवृक्ष

काळाच्या प्रवाहातून मागेपुढे हिंडता यावे, ही मनुष्याची फार जुनी हौस आहे. आणि त्या हौसेची भीतीही तितकीच जुनी आहे. भागवतातील रैवत ककुद्मीची कथा सर्वश्रुत आहे. आपली कन्या रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारण्यासाठी तो ब्रह्मलोकी गेला. तेथे गंधर्वांचे गायन चालले होते, म्हणून क्षणभर थांबला. मग त्याने प्रश्न विचारताच ब्रह्मदेव हसून म्हणाले, की तुझ्या मनातील वर, त्यांचे पुत्र, पौत्र, इतकेच नव्हे तर त्यांची गोत्रेही आता कोणाच्या कानावर येत नाहीत. मधल्या काळात सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. रेवतीला बलराम मिळाला. परंतु राजाला मात्र परत येऊन कोणाशी बोलावे असे माणूस उरले नव्हते. तो बदरिकाश्रमाची वाट धरून तपाला निघून गेला.

जपानमध्येही अशीच एक कथा आहे. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथात उराशिमा नावाच्या कोळ्याचा उल्लेख येतो. कासवाच्या रूपाने आलेल्या एका दिव्य स्त्रीबरोबर तो समुद्रापलीकडील अमरलोकी जातो. पुढील काळातील आवृत्त्यांत तो परत गावी येतो तेव्हा तीनशे वर्षे लोटलेली असतात. किनारा तोच, डोंगर तेच. परंतु त्याचे घर नाही आणि त्याला ओळखणारेही कोणी नाही. या दोन्ही कथांतील शिक्षा म्हातारपणाची नव्हे, मरणाचीही नव्हे. 'हा आमचा' असे म्हणणारे कोणी उरू नये, हीच ती शिक्षा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कल्पनेला यंत्राची जोड मिळाली. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' ही कादंबरी १८९५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि काळप्रवास हा तपश्चर्येचा किंवा वरदानाचा विषय न राहता तरफा आणि चाके यांचा विषय झाला. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक काळप्रवासी साहसासाठी निघाले. ज्या प्रश्नाने ककुद्मी आणि उराशिमा यांना ग्रासले होते, तो प्रश्न मात्र मागे पडला. तो पुन्हा पुढे आणण्याचे काम एका जपानी सचेतन चित्रपटाने केले, आणि तेही चार वर्षांच्या एका रुसलेल्या मुलाच्या निमित्ताने.

ममोरू होसोदा या दिग्दर्शकाचा हा चित्रपट २०१८ मध्ये प्रथम कान येथील महोत्सवात आणि नंतर जुलै महिन्यात जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ नाव 'मिराई नो मिराई'. जपानीत 'मिराई' म्हणजे भविष्य, म्हणून या नावाचा अर्थ 'भविष्यातली मिराई' असा होतो. २०१९ च्या ऑस्कर पारितोषिकांसाठी सचेतनपटांच्या विभागात त्याचे नामांकन झाले. सुप्रसिद्ध जिब्ली संस्थेबाहेरच्या जपानी चित्रपटाला हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. होसोदांच्या लहान मुलाला, आपली तान्ही बहीण मोठी होऊन भेटल्याचे स्वप्न पडले होते. त्यातून ही कथा सुचली.

कथानक अगदी साधे आहे. योकोहामा शहरातील इसोगो भागात, उतारावर बांधलेल्या एका चिंचोळ्या घरात कुन नावाचा मुलगा राहतो. घरात मिराई ही नवी बहीण येते आणि कुनचे राज्य जाते. आई नोकरीवर, वडील वास्तुशिल्पी असून घरी बसून काम करतात आणि धांदलीत स्वयंपाकपाणी सांभाळतात. कुन रडतो, खेळण्यातल्या आगगाड्या फेकतो. घराच्या मधल्या चौकात एक झाड आहे. तो रुसून चौकात उतरला की काळाचे दार उघडते. कधी मोठी झालेली मिराई शाळेच्या गणवेशात पुढे येऊन उभी राहते. कधी त्याची आई त्याच्याच वयाची, त्याच्याइतकीच पसारा घालणारी मुलगी होऊन भेटते. कधी युद्धात पाय अधू झालेला एक तरुण त्याला घोड्यावर आणि मोटारसायकलवर बसवतो. तो तरुण म्हणजे कुनचा पणजोबा.

या चित्रपटाचा मर्मभाग मात्र घरात नाही, रेल्वेच्या कचेरीत आहे. घरच्यांवर रागावून कुन एका गाडीत चढतो आणि तोक्यो स्थानकात हरवतो. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी तो जातो तेव्हा तेथील कर्मचारी त्याला रीतसर प्रश्न विचारतो: आईचे नाव काय, वडिलांचे नाव काय? कुनला सांगता येत नाही. त्याच्या दृष्टीने ती केवळ आई आणि बाबा आहेत. नावे नाहीत म्हणजे पुकारा करता येत नाही. आणि ज्याला कोणी न्यायला येत नाही, त्याच्यासाठी एकाकीपणाच्या देशाला जाणारी काळी गाडी फलाटावर उभी असते. त्या गाडीकडे तान्ही मिराई रांगत निघालेली त्याला दिसते, तेव्हा तो धावत जाऊन तिला उचलतो आणि ओरडून सांगतो, की मी मिराईचा मोठा भाऊ आहे. त्याच क्षणी त्याची ओळख पटते.

जपानी प्रेक्षकाला या प्रसंगात केवळ बालनाट्य दिसत नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे. जपानमध्ये माणूस कोणाचा, हे 'कोसेकी' नावाची कुटुंबनोंदवही सांगते. १८६८ च्या मेईजी क्रांतीनंतर नव्या शासनाला कर हवे होते, सैनिक हवे होते. त्यासाठी प्रजा मोजणे अवश्य होते. १८७१ मध्ये नोंदणीचा कायदा झाला आणि १८७२ मध्ये सबंध देशाची पहिली नोंद तयार झाली. या वहीचे एकक व्यक्ती नव्हते, घर होते. पुढे १८९८ च्या नागरी संहितेने त्या घराला कायद्याचा कणा दिला. घराचा एक प्रमुख. सामान्यतः त्याच्यामागे थोरला मुलगा. घरातील माणसांचा विवाह आणि त्यांचे वास्तव्यसुद्धा प्रमुखाच्या संमतीवर अवलंबून. लग्न झालेल्या मुलीचे नाव एका घराच्या नोंदीतून वगळले जाई आणि दुसऱ्या घराच्या नोंदीत लिहिले जाई. आजोबा, मुलगे, सुना, नातवंडे अशा कित्येक पिढ्या एकाच नोंदीत एकत्र राहत. परंतु त्या राहत त्या एका माणसाच्या सत्तेखाली.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर ही व्यवस्था कोसळली. ३ मे १९४७ रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या चोविसाव्या कलमाने विवाह हा दोघांच्या संमतीवर आणि पतिपत्नींच्या समान हक्कांवर उभा केला. १९४८ च्या आरंभापासून नवा नोंदणी कायदा लागू झाला. आता नोंदीचे एकक झाले पतिपत्नी आणि त्यांचे आडनाव लावणारी मुले. मुलाचे लग्न झाले की त्याची वेगळी नोंद होते. तिसऱ्या पिढीला त्याच नोंदीत जागा नाही. कुनचे वडील स्वयंपाकघरात उभे आहेत आणि आई कचेरीतून परत येते आहे, हे दृश्य या बदलाचे दूरचे फळ आहे. प्रमुख गेला, धाक गेला, हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर आजा-पणजाही वहीच्या त्या पानावरून उठून गेले. जुन्या नोंदी नष्ट होत नाहीत. वगळलेल्या नोंदी दीडशे वर्षे जतन कराव्यात असा नियम आहे. तरी त्या मागून घ्याव्या लागतात, आणि मागण्यासाठी आधी माहीत असावे लागते.

जुनी वही पवित्र होती असे मात्र कोणी समजू नये. १८७१ मध्येच एका राजाज्ञेने जपानमधील अस्पृश्य मानलेल्या जमातींची हीन दर्जाची नावे रद्द झाली होती. तरीही १८७२ च्या नोंदीत काही ठिकाणी त्यांच्या पूर्वीच्या दर्जाची खूण राहून गेली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ही नोंद पाहता येत असे, आणि लग्न जुळविताना किंवा नोकरी देताना तिच्यावरून माणसाचे कूळ हुडकून काढले जाई. अखेर १९६८ मध्ये ती नोंद मोहोरबंद करावी लागली. ज्या वहीने एकाला 'तू आमचा' म्हटले, तिनेच दुसऱ्याला 'तू आमचा नव्हेस' असेही सुनावले. जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या परक्या नागरिकांची स्वतंत्र कोसेकी नसतेच. आपल्याकडे गोत्र, कूळ आणि जात यांच्या चौकशा कशा चालतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे निराळे विवरण नको.

या पार्श्वभूमीवर होसोदांनी वहीऐवजी झाड का निवडले हे उमगते. चित्रपटाच्या शेवटी मोठी मिराई कुनला सांगते, की चौकातील झाड ही या घराची सूची आहे; ग्रंथालयात पत्रांची पेटी असते तशी. प्रत्येक पानात कोणाचा तरी एक दिवस नोंदलेला आहे. त्या पानांतून कोसळत जाताना कुनला वडील दिसतात: लहानपणी अशक्त, सायकलवर तोल सावरू न शकणारे. पणजोबा दिसतात: जहाज बुडाल्यावर जखमी पायाने समुद्रात हात मारीत राहिलेले. मग तेच पणजोबा, युद्धानंतर, एका मुलीशी धावण्याची शर्यत लावतात; जिंकलो तर लग्न करायचे. अधू पायाचा माणूस जिंकणार कसा? परंतु ती मुलगी वाटेत आपली गती मंद करते. ती पणजी.

या नोंदी कोणत्याही कचेरीच्या वहीत सापडणार नाहीत. तेथे एक विवाह आणि त्याची तारीख एवढेच सापडेल; ती गती मंद झाल्याचे सापडणार नाही. परंतु तेवढे घडले नसते तर पुढचे कोणीच नसते. मराठी वाचकांना येथे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची आठवण होईल. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत निसटून जाते आणि हिंदुस्थानचा सारा इतिहास दुसऱ्या वाटेने वाहू लागतो. होसोदांनी तेच तत्त्व सेनापतीऐवजी एका यंत्रकामगाराला लावले. एका राज्याच्या भवितव्याइतकेच एका पोराचे अस्तित्वही अशा निसटत्या क्षणावर टांगलेले असते, हा त्यांचा सिद्धान्त आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र येथे एक आक्षेप नोंदवावा लागेल. पणजोबा पूर्वी विमानांची इंजिने बनविण्याच्या कामावर होते. ती विमाने कोठे गेली, हे झाड सांगत नाही. २९ मे १९४५ रोजी शेकडो अमेरिकी विमानांनी योकोहामा शहर जाळले, हे त्या शहराच्या स्मृतीत कोरलेले आहे. पण जपानी सैन्याने चीनमध्ये, ब्रह्मदेशात काय केले, १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमा येथे ते कशासाठी येऊन धडकले, हे कुटुंबाच्या स्मृतीत उतरत नाही. घर आपल्या माणसाने काय सोसले ते जपून ठेवते. त्याने इतरांना काय सोसायला लावले ते सहसा विसरते. हा दोष एका चित्रपटाचा नव्हे, वंशवृक्ष या वस्तूचाच आहे. जगातल्या कोणत्याही घराण्याच्या वंशावळीत हेच आढळेल. म्हणून झाडाला वहीची गरज राहते. माया झाडाकडून घ्यावी आणि हिशेब दप्तराकडून. एकावर विसंबून दुसरे टाकून देणाऱ्याला ना घर धड कळते, ना देश.

आज हा प्रश्न जपानला विशेष बोचतो. चित्रपट आला त्या २०१८ मध्ये त्या देशात सुमारे ९ लाख १८ हजार मुले जन्मली. २०२४ मध्ये ही संख्या ७ लाखांच्याही खाली गेली. कित्येक घरांच्या झाडाला नवे पान फुटणार नाही, हे आता स्पष्ट दिसते आहे. ज्या घरात मिराई जन्मली नाही, त्या घराने भविष्याकडे कोणत्या नात्याने पाहावे? चित्रपट याचे उत्तर देत नाही. परंतु एक दिशा दाखवितो. कुन हरवला तेव्हा त्याला आईबापांची नावे सांगता आली नाहीत, पूर्वजांचा पाढा म्हणता आला नाही, घराण्याचा अभिमानही सांगता आला नाही. त्याने एवढेच सांगितले, की हे जे दुबळे पोर गाडीकडे निघाले आहे, त्याचा मी कोणी तरी आहे. आपण कोणाच्या पोटी आलो हे आपल्या हाती नसते. कोणाला हात द्यावा हे असते. रक्ताचे नाते नसलेल्या माणसालाही असे उत्तर देता येते.

ककुद्मीपाशी नावे होती. तो थोर कुळातला राजा होता, त्याची वंशावळ पुराणात लिहिलेली आहे. तरी परत आल्यावर ती त्याच्या उपयोगी पडली नाही. उराशिमापाशी गावाचा पत्ता होता; तोही व्यर्थ ठरला. दोघांनाही मागच्यांनी ओळखावे अशी अपेक्षा होती, आणि मागचे कोणी उरले नव्हते. चार वर्षांच्या मुलाने आपली ओळख पुढच्या पिढीकडे पाहून सांगितली, आणि स्थानकातील त्या काटेकोर कर्मचाऱ्याला ती पुरेशी वाटली.