पायांनी मिळवलेली पदवी

विद्येचे घर कोणते, असे कोणी विचारले की आपण चटकन इमारतीकडे बोट दाखवतो. कौलारू शाळा, दगडी महाविद्यालय, मनोऱ्याचे विद्यापीठ! देशाटनाने माणूस शहाणा होतो, हे आपल्याकडे आजीबाईही सांगतात. पण त्या शहाणपणाबद्दल पदवीचा कागद हातात ठेवावा, असे मात्र कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेत ते घडले. रानात हिंडून, नदीतून होड्या हाकून, समुद्रकाठी मुक्काम ठोकून पर्यावरणशास्त्राची रीतसर पदवी मिळवण्याची वाट तेथे काही हट्टी माणसांनी पाडली. ती वाट एकदा पार बुजण्याच्या बेतात आली होती. तिची ही हकीकत.

या वाटेवरचा पहिला वाटसरू एका हाताचा होता. जॉन वेस्ली पॉवेल हा मूळचा शाळामास्तर. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६२ साली, शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला. युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्र शिकवू लागला. पण दगडांचे नमुने कपाटातून काढून दाखवण्यात त्याचे मन रमेना. १८६७ साली काही विद्यार्थी, हौशी अभ्यासक आणि आपली पत्नी एमा यांना घेऊन तो थेट रॉकी पर्वतात गेला. ज्या डोंगराविषयी शिकायचे त्या डोंगरावरच वर्ग भरला! गंमत अशी की, हा गृहस्थ तीन महाविद्यालयांच्या पायऱ्या चढून उतरला होता, पण पदवी एकाचीही मिळवू शकला नव्हता. मॅट्रिकपुढे न गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही गोष्ट विशेष गोड वाटते, हे कबूल करतो.

दोनच वर्षांनी, १८६९ च्या मे महिन्यात, नऊ माणसे आणि चार होड्या घेऊन पॉवेल कोलोरॅडो नदीच्या अज्ञात घळईत उतरला. एक होडी खडकांवर फुटली. एक सोबती वाटेतच परतला. ऑगस्टअखेर पुढच्या खळाळाचे रूप पाहून तिघांचा धीर सुटला. ते काठ चढून निघून गेले आणि मारले गेले. होडीत राहिलेले सहाजण दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. या आणि पुढच्या प्रवासांतून पॉवेलला एक सत्य उमगले: पश्चिमेकडे जमीन अफाट आहे, पाणी मात्र थोडे. १८७८ साली त्याने सरकारला अहवाल देऊन सुचवले की, वस्ती आणि शेती यांची आखणी पाण्याच्या हिशेबाने करा. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत त्याने हेच पुन्हा सांगितले, तेव्हा श्रोत्यांनी त्याची हुर्यो केली. पायाखाली घालून मिळवलेले ज्ञान कागदावर हिशेब मांडणाऱ्यांना रुचले नाही.

दुसरा धागा युरोपातला. कुर्ट हान हा जर्मन शिक्षक हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली तुरुंगात पडला आणि सुटल्यावर ब्रिटनमध्ये गेला. दुसरे महायुद्ध पेटले. जहाज बुडाल्यावर तरणेताठे खलाशी लवकर हाय खातात आणि मुरलेले म्हातारे तग धरतात, अशी तक्रार जहाजधंद्यातले लॉरेन्स होल्ट करीत. या दोघांनी १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. वारा, लाटा आणि डोंगर हेच तिचे गुरुजी. १९६२ साली तिची पहिली अमेरिकन शाखा कोलोरॅडोत सुरू झाली.

ते १९६२ सालही मोठे अर्थपूर्ण होते. त्याच वर्षी रेचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे कीटकनाशकांवरील पुस्तक निघाले आणि अमेरिकेची झोप उडाली. १९६९ च्या जानेवारीत सांता बार्बराच्या किनाऱ्यावर खनिज तेल पसरले. जूनमध्ये क्लीव्हलंडच्या कायाहोगा नदीवर चक्क आग लागली. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. निसर्गाचे दुखणे समजणारी माणसे हवीत, ही निकड सर्वांना पटली. पण ती घडवायची कोठे? 

ॲरिझोना राज्यातील प्रेस्कॉट गावी याचे एक उत्तर तयार होत होते. चार्ल्स फ्रँकलिन पार्कर या धर्मोपदेशकाच्या कल्पनेतून १९६६ साली तेथे प्रेस्कॉट कॉलेज उघडले. थोड्याच काळात तेथे एक नवी रीत पडली: नव्या विद्यार्थ्याने आधी पाठीवर पिशवी टाकून काही आठवडे रानात जायचे, मग वर्गात यायचे! 

त्या मुलखात पाठ्यपुस्तक म्हणजे ग्रँड कॅनियन. काठावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तळाचा काळा खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा. मध्ये एके ठिकाणी शंभर कोटींहून अधिक वर्षांची पानेच गळालेली आहेत. तेथे विद्यार्थी एका खडकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा तळहात ठेवू शकतो. ‘खंडित स्तर’ ही व्याख्या मग घोकावी लागत नाही. खाली नदी वाहते, पण ती पॉवेलची गढूळ, तांबडी नदी नव्हे. १९६३ साली वरच्या बाजूला ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवले गेले. गाळ तेथेच बसू लागला. खाली पाणी येते ते निवळ आणि गार. परिणामी वाळूचे काठ झिजले, कोमट गढूळ पाण्याला सरावलेले मूळचे मासे अडचणीत आले. काठ पुन्हा भरावेत म्हणून १९९६ साली धरणातून मुद्दाम पूर सोडून पाहिला! आणि ज्या जलाशयात तो गाळ बसतो, त्याचे नाव काय? लेक पॉवेल. 

अशा शिक्षणाची परीक्षा कशी घ्यायची? प्रेस्कॉटने गुणांच्या आकड्यांऐवजी शिक्षकाचे सविस्तर लेखी मूल्यमापन पत्करले. विद्यार्थ्याने काय शिकणार ते आधी लिहून द्यायचे, नोंदवह्या ठेवायच्या आणि शेवटी एक स्वतंत्र काम करून आपली योग्यता दाखवायची. हिंडणे आणि शिकणे यांतला फरक याच नोंदवहीत आहे. नुसते भटकून पदवी मिळती, तर प्रत्येक ट्रकड्रायव्हर आचार्य झाला असता.

पण १९७४ च्या डिसेंबरात कॉलेजचे दिवाळे निघाले. आवार गेले, इमारती गेल्या, मान्यता गेली. कोणीही म्हणाला असता, संपला खेळ! मात्र काही शिक्षक आणि विद्यार्थी गाव सोडीनात. पगाराची शाश्वती नव्हती. कोणाच्या घरी, कधी हसायाम्पा हॉटेलच्या तळघरात वर्ग भरू लागले. ज्यांची खरी शाळा नदीकाठी होती, त्यांच्यापासून छप्पर काढून घेऊन घेणार किती? १९८४ साली गेलेली मान्यता परत मिळाली. मूळच्या आवारात १९७८ पासून विमानविद्येचे विद्यापीठ नांदू लागले होते. प्रेस्कॉटकर मात्र पायीच राहिले. पुढे त्यांनी मेक्सिकोत, कॅलिफोर्नियाच्या आखातावर, किनो बे येथे अभ्यासकेंद्र उभे केले. तेथे समुद्रपक्षी आणि मासे यांच्याबरोबर त्या किनाऱ्यावरच्या कोमकाक लोकांचे जीवनही अभ्यासाचा विषय झाले.

दुसऱ्या एका मंडळीने तर चाकांवरच विद्यालय थाटले. ऑडुबॉन एक्स्पिडिशन इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी बदल करून घेतलेल्या शाळाबसमधून अमेरिका पालथी घालीत, रात्री उघड्यावर निजत, स्वयंपाकापासून मार्गापर्यंतचे निर्णय सर्वांच्या संमतीने घेत. मॅसॅच्युसेट्समधील लेस्ली ही संस्था त्यांना पदवी देई. तो उपक्रम आता बंद झाला आहे.

या पद्धतीवरचे आक्षेप खोटे नाहीत. निसर्ग वाचवण्याचे धडे घ्यायला इंधन जाळीत शेकडो कोस जायचे, हा विरोध उघड आहे. शिवाय लहान तुकड्या आणि लांबचे मुक्काम म्हणजे खर्च मोठा. गरिबाच्या मुलाला हे देशाटन परवडत नाही. माझ्या मते त्याचे उत्तर अंतर कमी करण्यात आहे. पॉवेलला पाण्याचा हिशेब नदीने शिकवला. नदी दूरची होती की जवळची, याला महत्त्व नव्हते.

आपल्या प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ नावाचा विषय आहे. नाव किती सुंदर! पण परिसर खिडकीबाहेर आणि अभ्यास खिडकीआत, अशी त्यांची ताटातूट बहुधा झालेली असते. गावचा ओढा कोठे उगम पावतो, विहिरीचे पाणी माघापासून चैत्रापर्यंत किती हात उतरते, हे मोजायला ॲरिझोना लागत नाही. दोरी, दगड आणि वही पुरे. दिवाळीच्या सुटीत मुले घरी आहेत, ओढ्यांना अजून पाणी आहे. फराळाचा डबा बांधून द्या आणि वही विसरू देऊ नका.