इब्री संदेष्टे आणि कोकणची स्मृती : बेने इस्राएल समाजातील एलियाहू हन्नबी परंपरेचे आध्यात्मिक मर्म

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील वणीजवळच्या सप्तशृंग गडावर जाणाऱ्या भाविकास समोरचा मार्कंडेय पर्वत दाखविला जातो. त्या पर्वतावरून ऋषी करीत असलेले स्तवन देवी मान किंचित कलती करून ऐकते, अशी लोकश्रद्धा आहे. ग्रंथातील ऋषी असा परिसरातील एका डोंगराशी जोडला गेला, की सामान्य माणसाला तो आपला वाटू लागतो. महाराष्ट्राच्या भूमीत हे भाग्य एका इब्री संदेष्ट्यालाही लाभले आहे. अलिबागजवळील खंडाळा येथे खडकावर दिसणाऱ्या खुणा संदेष्टा एलीया याच्या रथाच्या व घोड्यांच्या आहेत, अशी बेने इस्राएल समाजाची श्रद्धा आहे. या परंपरेने संदेष्ट्यांच्या शिकवणुकीतील काय जतन केले आणि काय विस्मृतीत गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. या घटनेचा काळ निश्चित करता येत नाही. धर्मग्रंथ नष्ट झाले, इब्री भाषाही विसरली गेली. मात्र शब्बाथाची विश्रांती, सुंता, आहारविषयक काही निर्बंध आणि ईश्वराचे एकत्व सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना टिकून राहिली. तेलाचा घाणा चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. नवगावकर, किहीमकर, पेणकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे त्यांच्या गावांची साक्ष देतात.

या समाजाच्या घरगुती धर्माचरणात एलियाहू हन्नबी हा केंद्रस्थानी आहे. 'हन्नबी' या इब्री शब्दाचा अर्थच 'संदेष्टा' असा होतो. नवस फेडताना, लग्नप्रसंगी वा गृहप्रवेशाच्या वेळी 'मलिदा' केला जातो. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर व सुकामेवा यांचे मिश्रण आणि त्याभोवती फळे मांडून एलियाहूचे स्तुतिगीत म्हटले जाते. ही श्रद्धा प्राचीन मानावी की परिसरातील पीर-दर्ग्यांच्या प्रथांतून आली असे म्हणावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'मलिदा' हा शब्द फारसी परंपरेतून आलेला असून तो कोकणी मुसलमानांतही रूढ आहे. परंतु उगम कोणताही असला, तरी त्या शब्दाला चिकटलेला आशय इब्री आहे, हे नाकारता येत नाही.

ग्रंथातील एलीया आणि लोकमानसातील एलियाहू

पवित्र शास्त्रातील एलीया हा इ.स.पू. ९ व्या शतकातील उत्तरेकडील इस्राएल राज्याचा संदेष्टा. नाबोथाने आपला वडिलोपार्जित द्राक्षमळा विकण्यास नकार दिला, तेव्हा राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा वध करविला व राजा अहाबाने मळा बळकावला. त्याच मळ्यात एलीयाने राजाला गाठून जाब विचारला. दुसरीकडे, दुष्काळात सारफथ येथील विधवेच्या घरी तो राहिला आणि तिच्या रांजणातील पीठ व कुपीतील तेल सरले नाही, अशीही कथा आहे. ती विधवा परदेशी, परधर्मीय होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

कोकणातील लोकस्मृतीने या दोन रूपांपैकी दुसरे रूप प्रामुख्याने जपले. राजाला जाब विचारणारा एलीया मागे पडला. संकटात धावून येणारा, मुले देणारा, प्रवासात राखणारा एलियाहू पुढे आला. राजसत्तेशी झगडण्याचे सामर्थ्य व प्रसंग नसलेल्या एका लहान समाजाने संदेष्ट्याकडे प्रथम आधार मागितला, हे स्वाभाविकच होय.

विस्मृत शिकवणुकीची पुनःप्राप्ती

१९ व्या शतकात ही स्थिती पालटली. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले होते. पुढे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून इब्री व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराच्या हेतूने दिलेल्या या साधनांचा समाजाने आपला धर्म नव्याने जाणून घेण्यासाठी उपयोग केला. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी इब्री प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा स्थापून समाजाचा इतिहासही लिहिला. १८८० च्या दशकात बेने इस्राएलांनी कीर्तनाचा अंगीकार केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी पदांतून स्त्रिया व मुले यांच्यापर्यंत पोहोचली. हरिदासी परंपरेचे पात्र आणि त्यात इब्री कथेचे जल, असा हा संगम होता.

संदेष्ट्यांपासून घ्यावयाचे धडे

या इतिहासातून तीन धडे निष्पन्न होतात. पहिला यिर्मयाचा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलला नेलेल्या बंदिवानांना त्याने पत्राने कळविले की, तेथे घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात राहता त्याचे हित चिंता. कोकणातील तेल्याने हे पत्र वाचले नव्हते. तरीही तो तसाच जगला.

दुसरा धडा आमोसाचा. तकोवा गावचा हा मेंढपाळ उपासनेच्या वैभवापेक्षा न्यायाला अधिक मोल देतो. ज्ञानाचा अधिकार जन्माने वा पदाने येत नाही, हे त्याच्या जीवनातून दिसते.

तिसरा धडा एलीयाचाच. होरेब पर्वतावर वारा, भूकंप व अग्नी यांत ईश्वर नव्हता. त्यानंतर आलेल्या मंद वाणीत त्याची प्रचीती आली. 'मीच एकटा उरलो' असे म्हणणाऱ्या संदेष्ट्याला सात हजार निष्ठावंत अजून शिल्लक आहेत, असे सांगण्यात आले.

या तिसऱ्या धड्याची कसोटी २० व्या शतकात लागली. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. तेथे १९६० च्या दशकारंभी धर्मपीठाने विवाहप्रसंगी त्यांच्या वंशशुद्धीविषयी शंका उपस्थित केली. समाजाने निदर्शने केली आणि १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांचे समान स्थान स्पष्ट केले. या लढ्यात मंदिरांच्या व शहरांच्या गर्दीत मागे पडलेला, नाबोथाची बाजू घेणारा एलीयाच जणू त्यांच्या आचरणात परतला. महाराष्ट्रात उरलेल्या अल्पसंख्य ज्यू समाजाला राज्य शासनाने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

समारोप

धर्मपरंपरेचे मोल तिच्या शुद्धतेवरून ठरवावे, की तिने माणसांना कसे जगविले यावरून, हा प्रश्न बेने इस्राएलांचा इतिहास अभ्यासकांपुढे ठेवतो. ग्रंथ हरवलेल्या या समाजाने एका संदेष्ट्याचे नाव पोह्यांच्या ताटाभोवती जपले आणि ग्रंथ पुन्हा हाती आल्यावर त्या नावाचा पूर्ण अर्थ शोधला. स्मृतीने आधार दिला, ग्रंथाने न्यायाची जाणीव दिली. या दोहोंची सांगड घालणे, हाच संदेष्ट्यांच्या अध्ययनाचा खरा आध्यात्मिक लाभ होय.