मिनाच्या खोऱ्यातील कुर्बानी
मक्केच्या पूर्वेस सुमारे दोन कोसांवरील मिनाच्या खोऱ्यात जिल्हेज महिन्याच्या दहाव्या तारखेस होणाऱ्या कुर्बानीचे मूळ हजरत इब्राहिमांच्या त्या कसोटीत आहे, जिच्यात पुत्रास अर्पण करण्याची त्यांची सिद्धता पाहून ईश्वराने त्याच्याऐवजी पशू स्वीकारला. कोणता पुत्र, हे कुराणात नावानिशी नाही; आरंभीच्या भाष्यकारांत मतभेद होते, पुढे इस्माईलांचा पक्ष रूढ झाला. मला अधिक अर्थगर्भ वाटते ते त्याच ग्रंथातील प्रतिपादन, की ईश्वरापर्यंत मांस वा रक्त पोहोचत नाही, धर्मनिष्ठा पोहोचते. मांसाचे घर, आप्तेष्ट आणि गोरगरीब असे तीन वाटे करण्याचा रिवाज पुष्कळ ठिकाणी पडला. मिनात मात्र हजच्या यात्रेकरूंची गर्दी वाढली तसे पुष्कळ मांस वाया जाऊ लागले, तेव्हा १९८३ पासून ते गोठवून देशोदेशींच्या गरिबांस धाडण्याचा बंदोबस्त सुरू झाला.