पॅसिव्ह व्हॉइसमध्ये फ्रेझल व्हर्ब कसे वापरायचे?

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनेकदा असा मेसेज येतो : 'द पेशंट वॉज ऑपरेटेड यस्टरडे.' अर्थ सगळ्यांना कळतो. पण इंग्रजीच्या नियमाने या वाक्यात रुग्ण एखाद्या यंत्रासारखा 'चालवला' गेला आहे. मशीन 'ऑपरेटेड' असते, रुग्ण मात्र 'ऑपरेटेड ऑन' असतो. एक छोटा शब्द गळला आणि अर्थ बदलला.

फ्रेझल व्हर्ब म्हणजे काय?

क्रियापदाला ऑफ, आउट, डाउन, आफ्टर यांसारखा छोटा शब्द जोडून तयार झालेले क्रियापद म्हणजे फ्रेझल व्हर्ब. 'पुट' म्हणजे ठेवणे, पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. 'ऑपरेट ऑन', 'लाफ ॲट' यांना व्याकरणकार प्रिपोझिशनल व्हर्ब म्हणून वेगळे मानतात. पॅसिव्हचा नियम मात्र दोन्हींना सारखाच लागू होतो.

नियम काय आहे?

जोडी फोडायची नाही. कर्म वाक्याच्या सुरुवातीला जाते, छोटा शब्द क्रियापदाजवळच राहतो.

- दे पुट ऑफ द मीटिंग → द मीटिंग वॉज पुट ऑफ.
- शी टर्न्ड द लाइट ऑफ → द लाइट वॉज टर्न्ड ऑफ.
- एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम → ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन.

दुसऱ्या उदाहरणात मूळ वाक्यात 'लाइट' मध्ये आला होता. पॅसिव्हमध्ये तो पुढे गेला, की 'टर्न्ड' आणि 'ऑफ' पुन्हा शेजारी येतात.

जोडी तीन शब्दांची असली तरी काहीच गाळायचे नाही : 'द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ', म्हणजे जुना नियम रद्द केला गेला.

मराठी माणसाची चूक कुठे होते?

मराठीत 'सगळे त्याच्यावर हसले' असे म्हणतात. इथे 'वर' हा शब्द 'त्याच्या'ला चिकटतो. इंग्रजीत 'ॲट' मागे क्रियापदापाशी राहतो. त्यामुळे 'तो' वाक्याच्या सुरुवातीला गेला, की 'ॲट'चे काम संपले असे वाटते आणि तो गळतो.

दुसरा गोंधळ 'बाय'मुळे होतो. 'द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आजी' यात 'आफ्टर' आणि 'बाय' शेजारी येतात. ते कानाला खटकते, म्हणून परीक्षेत विद्यार्थी एक शब्द खोडतात. पण दोन्ही हवेत : 'आफ्टर' क्रियापदाचा आहे, 'बाय' काम करणाऱ्याचा.

प्रत्येक फ्रेझल व्हर्बचा पॅसिव्ह होतो का?

नाही. कर्म नसेल तर पॅसिव्ह नाही. बस बंद पडली, तर 'द बस ब्रोक डाउन' म्हणायचे. 'वॉज ब्रोकन डाउन' चूक. पण पोलिसांनी दार तोडले, तर 'द डोअर वॉज ब्रोकन डाउन बाय द पोलीस' बरोबर, कारण इथे दार हे कर्म आहे. 'टेक आफ्टर' (एखाद्यावर जाणे, त्याच्यासारखे दिसणे) याला कर्म असूनही पॅसिव्ह होत नाही.

रोजच्या वापरातली काही वाक्ये

- द मॅच वॉज कॉल्ड ऑफ : सामना रद्द झाला.
- युअर कम्प्लेंट इज बीइंग लुक्ड इन्टू : तुमच्या तक्रारीची चौकशी सुरू आहे.
- हिज ॲप्लिकेशन वॉज टर्न्ड डाउन : त्याचा अर्ज नाकारला गेला.
- शी वॉज टेकन इन बाय अ फेक कॉल : खोट्या कॉलमुळे ती फसली.

शेवटच्या वाक्यातला 'इन' काढून पाहा : फसवणुकीचा अर्थच निघून जातो. तक्रार अर्ज लिहिताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. म्हणून पॅसिव्ह वाक्य लिहून झाले, की आधी मूळ क्रियापद आठवा आणि त्याचा छोटा शब्द जागेवर आहे ना, एवढे तपासा.